कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव

सर, तुमचा प्रश्न असा आहे: २० नोव्हेंबर हा हिंसेत बळी गेलेल्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचा स्मृतिदिन. तुमच्या कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना तो पाळायचाय. पण दिवस अमेरिकेतून आलेला, आपल्याकडची नावं कुठून आणायची ते कळत नाही, आणि मेणबत्त्या लावून पुढे काय, हीही शंका तुमच्या मनात आहे.

उत्तर लांबणार आहे. मी बावीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. ज्या रुग्णासोबत कुणी नाही, ज्याचा पत्ता लागत नाही, ज्याला कुठल्या वॉर्डात ठेवायचं ते ठरत नाही, त्याची चिठ्ठी आमच्या टेबलावर यायची. तृतीयपंथी रुग्णांच्या बाबतीत बहुतेक वेळा ही तिन्ही कारणं एकदमच असायची. काही जणी बऱ्या होऊन चालत घरी गेल्या. काहींना मी शवागारापर्यंत सोबत केली. निवृत्तीनंतर आता वस्तीतच काम करते. त्यामुळे स्मरणाबद्दल माझं जे मत झालंय ते शवागाराच्या दारात उभं राहून झालंय. माणूस कोणत्या नावाने गेला आणि त्याला कुणी नेलं, हे दोन प्रश्न आधी सुटावे लागतात. ते सुटले नाहीत तर आठवण कुणाची ठेवायची हेच कळत नाही.

अमेरिकेचा मुद्दा आधी घेते, कारण त्या दिवसाचं मूळही नावातच आहे. २८ नोव्हेंबर १९९८ रोजी बोस्टनच्या ऑल्स्टन भागात रीटा हेस्टर ही कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्री स्वतःच्या घरात भोसकून मारली गेली. खुनी सापडला नाही. स्थानिक वर्तमानपत्रांनी तिला पुरुष ठरवून बातम्या दिल्या, तिचं रोजचं नाव अवतरणचिन्हांत घातलं, जणू ते तिने उसनं आणलेलं होतं. आठवडाभरात तिचे लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. तिची आईही त्यांच्यात होती. बोस्टनजवळच्याच वॉटरटाउनमध्ये तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर १९९५ ला, शानेल पिकेट या आणखी एका पारलिंगी स्त्रीचा जीव गेला होता. तिच्या आरोपीला खुनाच्या आरोपातून सोडून फक्त मारहाणीची शिक्षा झाली. ग्वेंडोलिन ॲन स्मिथ या कार्यकर्तीच्या लक्षात आलं की रीटाबद्दल हळहळणाऱ्या माणसांना शानेल आठवतही नाही. तीन वर्षांत विसर पडला होता. म्हणून तिने मेलेल्यांच्या नावांची यादी करायला घेतली, आणि १९९९ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला.

म्हणजे सर, दिवस परका असला तरी त्यामागचं दुःख आपल्या ओळखीचं आहे. तारीख त्यांची घ्या, नावं मात्र आपली हवीत. आणि खरी अडचण तिथेच आहे.

एक प्रसंग सांगते. गाव, रुग्णालय, माणसं कुणाचंच नाव लिहीत नाही. एका पहाटे हायवेवर मारहाण झालेली तिशीतली एक तृतीयपंथी आमच्याकडे आणली गेली. दोन तासांत ती गेली. तिची गुरू आणि चार गुरुबहिणी केसपेपर काढायच्या आधीपासून बाहेर उभ्या होत्या. तिच्यासोबत एका खोलीत अकरा वर्षं राहिलेल्या बायका त्या. पोलिसांनी मरणोत्तर पंचनामा केला तेव्हा खिशातल्या आधार कार्डावरचं नाव लिहिलं गेलं, ते पुरुषाचं. मृतदेह ताब्यात द्यायचा तर ‘नातेवाईक’ हवेत, म्हणून फोन गेला गावाकडे. संध्याकाळी भाऊ आला. त्याने तिला अकरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. गावात काय सांगायचं, या एकाच काळजीत होता. शवविच्छेदनानंतर त्याने न्हाव्याला बोलावून तिचे केस कापून घेतले, शर्ट-पँट घातली आणि रुग्णवाहिकेतून घेऊन गेला. गुरूने माझ्याकडे एकच मागणं केलं, तिचं पातळ तरी द्या. तेही मला देता आलं नाही, कारण अंगावरचे कपडे मुद्देमालात सील झाले होते. त्या वस्तीत तिचा फोटो नाही, राख नाही, दिवस घालायला काही नाही. गावात तिच्या नावाने नव्हे, तिने टाकून दिलेल्या नावाने तेरावं झालं.

पुढच्या काळात मी असे प्रसंग इतके पाहिले की त्यांचा क्रम तोंडपाठ झाला. भावाला दोष देऊन मला थांबता येत नाही. कायदाच त्याच्या बाजूने उभा होता. २०१९ मध्ये संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्यात ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या रक्त, विवाह किंवा दत्तक या नात्यांपुरती ठेवली. गुरू-चेला हे नातं त्यात बसत नाही. घराण्यात येताना जमातीसमोर रीत होते, गुरू नाव देते, आजारपणात उशाशी तीच बसते, म्हातारपणी चेले तिला सांभाळतात. हे सगळं कागदावर शून्य. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका वारसाहक्काच्या प्रकरणात या प्रथेला मान दिला होता, पण शवागारातल्या कारकुनाला तो निकाल कोण दाखवणार? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर समलिंगी-पारलिंगी व्यक्तीच्या जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी व्यवस्था करा. मला त्या पत्राचं महत्त्व वाटतं. अर्धवट असलं तरी दार किलकिलं झालंय. माझा आग्रह आहे की वस्तीतल्या प्रत्येकीने त्याची प्रत घरात ठेवावी आणि साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र करावं. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही. ‘माझ्या मागे माझे विधी अमुक व्यक्तीने करावेत, मला अमुक नावाने निरोप द्यावा’ एवढी दोन वाक्यं त्यात असावीत. ती कायद्याने प्रत्येक वेळी बंधनकारक ठरतीलच असं नाही, पण ड्यूटीवरचा हवालदार हातात कागद असला की थांबतो. हे मी स्वतः पाहिलंय.

आता हिंसेबद्दल. मुलांसमोर बोलताना खून हा शब्द वापराल तेव्हा त्याच्या आधीच्या पायऱ्याही सांगा. २६ मे २०१८ च्या रात्री हैदराबादच्या चांद्रायणगुट्टा भागात मुलं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवरची अफवा पसरली, आणि जमावाने महबूबनगरहून भिक्षा मागायला आलेल्या तृतीयपंथीयांना दगडांनी मारलं. एकीचा जीव गेला. पुढे पाचच आठवड्यांत, १ जुलैला, आपल्या धुळे जिल्ह्यात रैनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक याच अफवेने मारले गेले. रैनपाडा आपल्या लक्षात आहे, असायलाच हवं. चांद्रायणगुट्टा महाराष्ट्रात किती जणांना आठवतं? दोन्हीकडे मारलेली माणसं भिक्षेवर जगणारी, गावोगाव फिरणारी, दारात उभी राहिली की संशय येणारी. मुलं पळवण्याचा हा आळ तर दीडशे वर्षांचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात ब्रिटिशांनी याच आळाखाली हिजड्यांच्या नोंदवह्या ठेवायला सांगितलं, बायकी कपडे घालून रस्त्यावर येणं आणि नाचणं गुन्हा केला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ साली तसाच कायदा आला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, कधी, तर जुलै २०२३ मध्ये.

दुसरी पायरी वॉर्डाच्या दारातली. मे २०१६ मध्ये पाकिस्तानात पेशावरला अलिशा या तरुण पारलिंगी कार्यकर्तीवर गोळ्या झाडल्या गेल्या. रुग्णालयात तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या यावर घोळ घातला गेला, आणि काही दिवसांनी ती गेली. ती बातमी वाचून मला झोप लागली नाही, कारण तो घोळ मी कितीदा घातलेला पाहिला होता. आमच्याकडे रुग्ण स्ट्रेचरवर, आणि पुरुष वॉर्डातली सिस्टर म्हणते इथे नको, बायकांच्या वॉर्डातल्या नातेवाइकांची तक्रार येते. मग पॅसेजमध्ये खाट. पॅसेजमधल्या खाटेला ऑक्सिजनचा पॉइंट नसतो. माणूस मारहाणीने दगावला असं कागदावर येतं. पॅसेजचा उल्लेख कुठेच येत नाही.

तिसरी पायरी शिक्षेची. त्याच २०१९ च्या कायद्यात पारलिंगी व्यक्तीला शारीरिक, लैंगिक, मानसिक, आर्थिक इजा करण्याबद्दल सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा लिहिली गेली. बाईवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षं. हा फरक मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. तिच्यातलं बलात्काराचं कलम पुरुषाने स्त्रीवर केलेल्या अत्याचारापुरतंच आहे. आधी जबरदस्तीच्या प्रकरणात जुन्या दंडसंहितेचं ३७७, म्हणजे अनैसर्गिक संभोगाचं कलम, लावता तरी यायचं, ते नव्या संहितेत उतरलंच नाही. अत्याचार झालेली मुलगी चौकीत जाते तेव्हा ठाणे अंमलदाराला कोणतं कलम लावावं हा खरोखर प्रश्न पडतो, आणि तो सुटेपर्यंत ती कंटाळून परत येते. आधीच ती घाबरत आलेली असते, कारण रस्त्यावर मागितलं म्हणून तिला हुसकावणारा गणवेश तोच असतो.

पारलिंगी पुरुषांबद्दल एक बोलायचं राहू नये. मुलगी म्हणून जन्मलेले आणि पुरुष म्हणून जगू पाहणारे. त्यांच्यावरची हिंसा रस्त्यावर दिसत नाही, ती घरात होते. कोंडून ठेवणं, जबरदस्तीने लग्न लावणं, बाबा-मांत्रिकाकडे नेणं. त्यांना डेरा, म्हणजे गुरूचं घर, नाही, गुरू नाही. ते गेले तर ‘विवाहितेचा मृत्यू’ अशी नोंद होते आणि आपल्या यादीत ते कधी येतच नाहीत.

यादी. त्यासाठीच तुम्ही लिहिलंत. जगभरच्या खुनांची नोंद ठेवणारा युरोपातला एक प्रकल्प दर वर्षी या दिवसाआधी आकडा देतो. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या वर्षात तो ३५० होता, आणि सर्वांत जास्त नोंदी ब्राझीलच्या होत्या. हे पाहून कुणी म्हणेल, आपल्याकडे बरं आहे. तसं नाही. ब्राझीलमध्ये संघटना मोजतात, म्हणून आकडा दिसतो. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभर ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं नोंदली गेली, तीही अपुरी, कारण मोजणाऱ्याला दारात ‘मी तशी आहे’ असं सांगणं सोपं नव्हतं. गुन्ह्यांच्या राष्ट्रीय अहवालात खून झालेल्यांसाठी तृतीयपंथी असा रकाना आहे. पण रकाना भरतो तो पंचनाम्यावरून, आणि पंचनामा भरतो आधार कार्डावरून. माझ्या त्या हायवेवरच्या मुलीची गणना पुरुषांत झाली आहे.

म्हणून मी नोकरीत असतानाच एक वही ठेवली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पानावर मधोमध रेघ. डावीकडे कागदावरचं नाव, उजवीकडे हाकेचं. डावीकडची नावं मी कधी कुणाला वाचून दाखवलेली नाहीत आणि दाखवणार नाही. तुम्हीही हा नियम पाळा. वर्तमानपत्राच्या बातमीत ‘ऊर्फ’ लावून जुनं नाव दिलेलं असतं, ते उचलू नका. स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं नाव तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होतं.

उजवीकडची नावं तुम्हाला जवळच्या वस्तीतून मिळतील, गूगलवर मिळणार नाहीत. तुमच्या तालुक्याच्या बाजारात जी मंडळी मागायला येतात, यल्लम्माच्या जोगत्यांपैकी जे जोगवा मागतात, त्यांना जाऊन विचारा. त्यांच्याकडे नावं आहेत. पण आधी दोन-तीनदा नुसते जा, चहा प्या, कॉलेजचं काम सांगू नका. पहिल्याच भेटीत ‘तुमच्यातलं कोण मेलं’ असं विचारलं तर त्या उठून जातील आणि बरोबर करतील. नाव मिळालं की ते सभेत वाचायला चालेल का, हेही विचारा. काही वेळा गुन्हा अजून कोर्टात असतो, काही वेळा मारणारा त्याच गल्लीत राहत असतो. आणि हो, कधी कधी हिंसा घराण्याच्या आतलीही असते, इलाक्यावरून, पैशावरून, गादीवरून. ते लपवायची गरज नाही. मात्र त्यावर बोलायचा अधिकार त्यांचा आहे. आपण व्यासपीठावरून त्याचा न्यायनिवाडा करू नये.

आत्महत्या केलेल्यांची नावं घ्यायची का, हा प्रश्न दर वर्षी येतो. माझं मत, घ्यावीत, वेगळी घ्यावीत, आणि कशी केली, कुठे केली, चिठ्ठीत काय होतं यातलं काहीही सांगू नये. तुमच्या हॉलमध्ये बसलेल्या साठ मुलांत एखादं मूल स्वतःबद्दल कुणालाच न सांगितलेलं असणार. त्या मुलाला त्या संध्याकाळी फक्त मरणाच्या गोष्टी ऐकवून घरी पाठवू नका. दाराशी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीचा, नंबर मोठ्या अक्षरांत लावा, तो चोवीस तास चालतो. १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबरही लावा. आणि नावं वाचून झाली की जगणाऱ्यांबद्दल बोला. सोलापूर जिल्ह्यात तरंगफळचे लोक २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून देतात. जळगावजवळच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा अर्ज फेटाळला जातो, त्या उच्च न्यायालयात जाऊन महिला जागेवर उभं राहण्याचा हक्क मिळवतात आणि २०२१ मध्ये ग्रामपंचायतीत निवडून येतात. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, त्या लढ्यात मुंबईच्या गौरी सावंत होत्या. मुलांनी हीही नावं घरी न्यावीत.

अंत्ययात्रेबद्दल एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे, कारण कार्यक्रमात कुणीतरी हमखास विचारतं. तृतीयपंथीयांची अंत्ययात्रा रात्रीच निघते, कुणी पाहू नये म्हणून, आणि प्रेताला चपलांनी मारतात, पुढच्या जन्मी असा जन्म नको म्हणून. ही गोष्ट मराठी वेबसाइटींवर दर काही महिन्यांनी नव्याने छापली जाते. मी हिंदू पद्धतीचे दहन पाहिले, मुसलमान पद्धतीचे दफन पाहिले, भर दुपारी खांदा देणाऱ्या पाहिल्या. चप्पल मारलेली एकदाही पाहिली नाही. मी पाहिलं ते असं: गुरूच्या पायाशी बसून चेली तिच्या तळव्यांना तेल लावतेय, गेली आहे हे कळूनही. लोकांना चपलेची गोष्ट आवडते, कारण त्यामुळे ही माणसं आपल्यापेक्षा फार वेगळी ठरतात. तुमच्या मुलांपैकी एकाने जरी ती गोष्ट पुढे पाठवणं थांबवलं तरी माझ्या लेखी कार्यक्रम झाला.

मेणबत्त्यांचं म्हणाल तर लावा, मला त्यांचं वावडं नाही. मात्र त्या वस्तीतल्या कुणाच्या तरी हातून लावा. प्राचार्यांनी लावून मग त्यांना ‘दोन शब्द’ सांगायला बोलावणं नको. लावणी किंवा नाच ठेवू नका, त्या दिवशी तरी नको. ऑपरेशन झालंय का, असं कुणी विचारलं तर तुम्ही स्वतः थांबवा. बाईसाहेब म्हणायचं की दादा, हे त्यांनाच विचारा. त्यांच्यासाठी स्टाफचं स्वच्छतागृह उघडं ठेवा आणि शिपायाला आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळं नीट होऊन तिथेच अपमान होतो. आणि पुढे काय या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आवारातच आहे. प्रवेश अर्जात तिसरा रकाना आहे का, नाव बदललेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका बदलून द्यायला किती खेटे घालावे लागतात, वसतिगृहात खोली कुठे देणार. एवढं वर्षभरात केलंत तर पुरे.

तारीख पक्की झाली की कळवा. मी एकटी येणार नाही, माझ्यासोबत दोघी येतील. बाजाराचा दिवस असेल तर त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तेवढं धरून मानधन आणि एसटीचं भाडं आधी हातात द्या, नंतरच्या व्हाउचरवर ठेवू नका. वही मी आणीन. तिच्यात सात पानांवर उजवी बाजू कोरी आहे, त्या मुलींना हाक काय मारायचे हे सांगणारं कुणी मला भेटलं नाही. त्या सातजणींसाठी आम्ही नाव वाचत नाही. त्या आल्या ती तारीख वाचतो, आणि थांबतो.